पहिली बोट नवी घ्यावी की वापरलेली? हल आणि इंजिन वेगवेगळे मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. राहणं ठाण्यात, किहीमला घर, घरात चार माणसं. सुटीच्या दिवशी मांडव्याहून समुद्रात फिरायचं, कधी खांदेरी-उंदेरीच्या बाजूला, कधी मुंबईपर्यंत. समोर दोन बोटी आहेत. एक नवी, इथल्याच यार्डात बांधून मिळणारी २१ फुटी फायबरची, ११५ एचपीच्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डसह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनासह, करासकट २८ लाखांना. दुसरी ९ वर्षांची, परदेशातून आणलेली २४ फुटी, छोट्या केबिनची, आत पेट्रोल इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह, १६ लाखांना, आणि मालक सांगतोय ‘फक्त ११० तास चालली आहे’. शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय की थळला एकाकडे १२ वर्षांची २० फुटी उघडी बोट ६ लाखांत आहे, पण तिचं टू-स्ट्रोक इंजिन संपलेलं असल्यामुळे तुम्ही ती सोडून दिलीत.

मी याच पट्ट्यात फायबर बोटींची दुरुस्ती करतो आणि विकत घेण्याआधीची तपासणीही करून देतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: सोडून दिलेली ती थळची बोट पहिल्यांदा बघा. ती घ्याच असं म्हणत नाही, पण पहिल्यांदा तीच बघा.

‘नवी की जुनी’ असं आपण गाडीबद्दल विचारतो, कारण गाडी सगळी मिळून एकदमच जुनी होते. बोटीत मात्र निदान तीन वेगवेगळ्या वयाच्या वस्तू एकत्र असतात. नीट बांधलेला फायबरचा हल, म्हणजे बोटीचं बूड आणि बाजू मिळून झालेलं अंग, तीस वर्षंही सहज टिकतो. खाऱ्या पाण्यातलं आउटबोर्ड चांगली निगा राखली तर दहा-बारा वर्षं साथ देतं, नाही राखली तर चार वर्षांत बसतं. या दोघांच्या मधलं सगळं, म्हणजे वायरिंग, इंधनाची टाकी, स्टिअरिंगची केबल, तळात साचलेलं पाणी काढणारा बिल्ज पंप, त्याहून लवकर जातं. त्यामुळे १२ वर्षांची बोट हे वाक्य मला फारसं काही सांगत नाही. हल काय अवस्थेत आहे, इंजिन काय अवस्थेत आहे, आणि यातलं कोणतं बदलणं शक्य आहे, हे कळलं की किंमत ठरवता येते. इंजिन बदलता येतं. सडलेला हल दुरुस्त करायला निघालात तर खर्चाला अंत राहत नाही.

आपल्या किनाऱ्यावर यात पावसाळ्याची भर पडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, गेटवे-मांडवा लाँचही मे संपता संपता बंद होतात. सहलीच्या छोट्या बोटीसाठी तर हंगाम खऱ्या अर्थानं ऑक्टोबरलाच सुरू होतो. म्हणजे वर्षातले चार महिने बोट जमिनीवर शाकारलेली, ताडपत्रीखाली झाकलेली. आणि माझा अनुभव असा की आठ महिने चालून बोटीची होत नाही तेवढी झीज या चार महिन्यांत नुसती उभी राहून होते. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत मीठ धरतं, टाकीतलं पेट्रोल ओल ओढतं, ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि ट्रान्सममध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीत, स्क्रूच्या भोकांतून पावसाचं पाणी उतरत राहतं. म्हणून ‘किती तास चालली’ हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न: मागचे पावसाळे कुठे काढले, शाकारली कोणी, आणि इंजिन गोड्या पाण्यानं धुतलं कोणी? ९ वर्षांत ११० तास हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल. मला काळजी वाटली. वर्षाला जेमतेम बारा तास चाललेलं इंजिन म्हणजे बाकीचा सगळा काळ मिठात बसून राहिलेलं इंजिन. नियमित चाललेलं, दर १०० तासांना सर्व्हिस झालेलं सातशे तासांचं इंजिन मी त्यापेक्षा आनंदानं घेईन.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हीच ठरवायच्या. बोट पाण्यात मुरिंगवर, म्हणजे तळाशी साखळीनं बांधून, राहणार की ट्रेलरवर? मुरिंगवर राहणार असेल तर बुडाला शिंपले आणि शेवाळ धरणार, दर काही आठवड्यांनी साफ करावं लागणार, विषारी रंगाचा हात दर वर्षी द्यावा लागणार. उधाणाच्या दिवशी इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे साखळीची लांबी आणि खालचा तळ बघूनच जागा घ्यावी लागते. ट्रेलरवर ठेवणार असाल तर रुंदी अडीच मीटरच्या आत हवी, ट्रेलरची आरटीओ नोंदणी हवी, आणि बोट उतरवायला वापरता येईल असा उतार जवळ हवा. किहीमच्या अंगणात जागा आहे असं तुम्ही म्हणता, तर मी ट्रेलरच्या बाजूनं झुकेन. दुसरं, चालवणार कोण? स्वतः शिकणार असाल तर पहिल्या वर्षी धक्क्याला घासणार, पंखा (प्रॉपेलर) वाळूत जाणार. ते होणारच. ते साध्या बोटीवर झालेलं बरं. नाखवा ठेवणार असाल तर त्याचा वर्षाचा पगार याच हिशेबात धरा.

आता तुमच्या तीन बोटींकडे वळू.

२४ फुटी स्टर्नड्राइव्ह बोट मला तुमच्यासाठी अजिबात पटत नाही. बोट वाईट असेलच असं नाही. पण स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आत आणि गिअरचा खालचा भाग ट्रान्सममधून बाहेर असतो, आणि दोघांच्या मध्ये रबराच्या घड्यांचं आवरण असतं. त्याला बेलोज म्हणतात. ते रबर फाटलं की समुद्राचं पाणी आधी बेअरिंगमध्ये आणि मग थेट बोटीत येतं. ते वेळच्या वेळी बदलायचं तर ड्राइव्ह उतरवावा लागतो. आउटबोर्ड मुरिंगवर पाण्याबाहेर पूर्ण उचलून ठेवता येतं, स्टर्नड्राइव्हचा खालचा भाग पाण्यातच राहतो, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि शिंपले धरतात. शिवाय पेट्रोल इंजिन बंदिस्त खणात आहे, म्हणजे प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी ब्लोअर लावून पेट्रोलची वाफ बाहेर काढायची शिस्त घरातल्या प्रत्येकाला लागायला हवी. रायगडच्या किनाऱ्यावर आउटबोर्डचा मिस्त्री प्रत्येक बंदरात भेटतो. स्टर्नड्राइव्ह नीट उघडणारी माणसं मोजकी आहेत. तुमचा हंगाम आठ महिन्यांचा, त्यातला एक महिना सुट्या भागांची वाट बघण्यात गेला तर बोट घेऊन उपयोग काय?

तरीही ती बघायला जाणार असाल तर ट्रान्समवर उजव्या बाजूला, वरच्या कडेखाली कोरलेला हलचा क्रमांक वाचा. त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. ‘९ वर्षांची’ म्हणजे भारतात आल्यापासून ९ वर्षं, असंही निघतं. युरोपातून आलेली असेल तर बांधणाऱ्याच्या पाटीवर ए, बी, सी किंवा डी असा वर्ग असेल. सी म्हणजे सहा फोर्सपर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा; डी म्हणजे तलाव आणि शांत खाडी. डी वर्गाची बोट मांडव्याच्या बाहेर नेऊ नका. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की मुंबई बंदराच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि परतीचा प्रवास सकाळच्या प्रवासासारखा राहत नाही.

नवी २१ फुटी. इथे आधी कराचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सहलीच्या आणि खेळाच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के आहे. म्हणजे तुमच्या २८ लाखांत बोट २० लाखांची आणि कर ८ लाखांचा. उद्या विकायला काढलीत तर घेणारा तुम्हाला त्या ८ लाखांचे पैसे देणार नाही. खासगी मालकाकडून वापरलेली बोट घेतलीत तर हा कर तुम्हाला पुन्हा भरावा लागत नाही. आपल्याकडे जुन्या बोटींना गिऱ्हाईक कमी, विकायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या तीन-चार वर्षांत बोट बदलायची शक्यता असेल, आणि पहिल्या बोटीच्या बाबतीत ती बहुतेकांची असते, तर हा तोटा सरळ अंगावर येतो.

नवी बोट घ्यायचं ठरवलंत तर ती कारणासाठी घ्या: इंजिनाची वॉरंटी, कोऱ्या वायरिंगचं समाधान, आणि तुमच्या गरजेप्रमाणे मांडणी. त्यासाठी दोन गोष्टी पाळा. एक, हल साच्यातून निघण्याआधी यार्डात जाऊन या. काचतंतूंच्या चटईचे किती थर आणि कुठे, ट्रान्समच्या आत सागरी प्लाय आहे की कंपोझिट, तळातल्या आडव्या-उभ्या पट्ट्या सगळ्या बाजूंनी फायबरनं बंद केल्या आहेत का, हे डोळ्यांनी बघा, फोटो काढा. चांगला यार्डवाला हे आनंदानं दाखवतो. जो ‘बोट तयार झाल्यावरच या’ म्हणतो, त्याच्याकडे मी ऑर्डर देत नाही. दुसरं, ताबा ऑक्टोबरात घ्या. यार्डाची तारीख पुढे ढकलली जाणं नेहमीचंच आहे. ऑक्टोबरची बोट एप्रिलमध्ये येते, महिनाभर चालते आणि जूनमध्ये शाकारली जाते, तोवर वॉरंटीचं घड्याळ मात्र चालू झालेलं असतं. नव्या बोटीच्या खोडी पहिल्या वीस-तीस तासांत बाहेर येतात: हॅच गळते, स्टिअरिंग जड जातं, पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा कल, चुकलेला असतो. पहिली सर्व्हिस साधारण २० तासांना येते, तोवर हे सगळं यार्डाकडून करून घेता आलं पाहिजे. करारात तारीख, उशीर झाला तर काय, आणि शेवटचा हप्ता समुद्रातल्या चाचणीनंतर, हे तिन्ही लिहून घ्या.

आणि आता थळची बोट. इंजिन मेलेलं आहे ही माझ्या दृष्टीनं तिची सगळ्यात चांगली बाजू आहे, कारण त्यामुळे भाव इंजिनाचा नाही, हलचा आहे, आणि पुढचं इंजिन तुमच्या हातचं आहे. आता सगळं काही हलवर, त्यातही ट्रान्समवर अवलंबून आहे. बारा वर्षं त्या फळीनं इंजिनाचं वजन आणि प्रत्येक लाटेचा धक्का सोसलाय, आणि तिच्या आत बहुतेक प्लायवुड आहे.

तपासणी अशी करा. इंजिन अजून बोटीवर असेल तर ते अर्धं वर उचला, खालच्या टोकाला धरून दोन्ही हातांनी जोर देऊन खाली दाबा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड वाकताना दिसली, किंवा कोपऱ्यात केसासारखी चीर उघडताना दिसली, तर तिथेच थांबा. नाही दिसली तर स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन फळीवर वरून खाली, बोटभर अंतरानं ठोकत जा. सुकी, घट्ट फळी टणक, आखूड आवाज देते. ओली झालेली फळी बद्द वाजते, आणि एकदा कान बसला की तो फरक तुमच्या दहा वर्षांच्या मुलालाही कळेल. सगळ्यात खाली, पाणी सोडण्याच्या बुचाभोवती सावकाश ठोका. सड तिथूनच सुरू होते, कारण भोक पाडताना प्लायची कड कुणी बंद केलेली नसते. मग फिशफाइंडरचा किंवा शिडीचा एखादा खालचा स्क्रू मालकाच्या परवानगीनं काढा. कोरडा, चमकता निघाला तर छान. भोकातून चहासारखं तपकिरी पाणी ओघळलं तर फळी आतून गेली आहे. ट्रान्सम बदलता येतो, मी बदलून देतो, पण तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा, आणि ६ लाखांत मग फारसं काही उरत नाही.

बाकी हलवर जेलकोटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गुळगुळीत थराच्या, चिरा बघा. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या चिरा म्हणजे कुठेतरी आपटली आहे. लांबच लांब, एकमेकींना समांतर चिरा म्हणजे हल तिथे वाकतोय, आतली पट्टी सुटली असावी. पहिल्या प्रकाराला मी फारसा भीत नाही. दुसऱ्याला भितो. तळाला बारीक फोड असतील तर एक फोडून बघा: व्हिनेगरसारखा वास आला तर पाणी फायबरच्या थरांत शिरलंय. तळावर चालताना कुठे पाय दबतो का, तेही बघा.

इंजिन निवडताना एक सूचना. जुन्या टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक येतं तेव्हा वजन बहुतेक वाढतं. २० फुटी उघड्या बोटीत त्यानं मागची बाजू खाली बसते आणि डेकवरचं पाणी बाहेर सोडणारी भोकं पाण्याखाली जातात. मग पाणी उलटं आत येतं. त्यामुळे हलवरच्या पाटीवर किती एचपी आणि किती वजन चालतं ते वाचा, पाटी नसेल तर इंजिनाच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या मागे ठेवून शांत पाण्यात बघा. तुमच्या चौघांना एवढ्या बोटीत ११५ ची गरज नाही, ९० पुरेल. यामाहा असो, सुझुकी असो, मर्क्युरी असो, ज्याचा सर्व्हिसवाला अलिबागपर्यंत येतो ते घ्या.

इंजिन बदललं की टाकी आणि नळ्याही बदला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पुरेसं पाणी शोषलं की ते पेट्रोलपासून सुटं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तेच पहिल्यांदा ओढतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच, इंजिन घेताना विक्रेत्याकडून या पेट्रोलबद्दल लेखी विचारून घ्या, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. जुन्या काळच्या रबरी नळ्या या पेट्रोलात आतून विरघळतात.

चालू इंजिनासह दुसरी एखादी वापरलेली बोट बघायला गेलात तर मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड असताना सुरू करायचं आहे. पोचल्यावर कव्हर काढून हात लावा. कोमट लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी ते सुरू करून ठेवलंय, आणि का, ते विचारा. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या; आकडा किती यापेक्षा ते एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचं. गिअरचं तेल थोडं काढा: दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. नव्या जातीच्या इंजिनांत कॉम्प्युटरमधून तासांची नोंद काढता येते, कोणत्या वेगाला किती तास, सगळं. ती काढल्याशिवाय सौदा करू नका. मग बोट पाण्यात घालून पूर्ण थ्रॉटलवर पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात इंजिन पोचतं का ते बघा. पोचलं नाही तर पंखा चुकीचा, बूड घाण, किंवा इंजिन थकलेलं. तिन्हींत फरक करायला मिस्त्री सोबत हवा.

चाचणीच्या जागेबद्दल मनापासून सांगतो. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. अनोळखी इंजिनाची पूर्ण वेगाची चाचणी लाँचच्या वाटेवर कधीही करू नका. मोकळ्या पाण्यात जा, प्रत्येकाच्या अंगात लाइफजॅकेट, आणि इंजिन बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली. घरच्यांना त्या दिवशी नेऊ नका.

कागदपत्रांत लोक सगळ्यात जास्त घाई करतात. बोट मासेमारीची म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदलेली आहे की सहलीची म्हणून मेरीटाइम बोर्डाकडे, हे थळच्या मालकाला पहिल्याच फोनवर विचारा. बाजूवर ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असेल तर ती मासेमारीच्या नोंदणीतली आहे, आणि ती सहलीसाठी तशीच वापरता येणार नाही. नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळला पाहिजे. तुम्ही इंजिन बदलणार असाल तर त्याचीही नोंद करून घ्यावी लागेल. कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, आणि आयात बोट असेल तर सीमाशुल्क भरल्याचं बिल ऑफ एंट्री आहे का, ते बघा. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्या.

हिशेब मी असा करेन. थळच्या बोटीचा हल पास झाला तर बोटीच्या ६ लाखांवर नव्या ९० एचपी इंजिनाच्या लेखी कोटेशनची रक्कम जोडा, त्यात टाकी, वायरिंग, स्टिअरिंग, ट्रेलर आणि सुरक्षेचं सामान धरा. ही बेरीज नव्या बोटीच्या २८ लाखांच्या खाली राहायला हवी, आणि नुसती खाली नाही, तर उरलेल्या पैशांत निदान तीन हंगामांचं शाकारणं, सर्व्हिस, विमा आणि रंग भागले पाहिजेत. तसं झालं तर तुमच्याकडे नव्या इंजिनाची, तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेली बोट आली. फरक त्याहून कमी पडला, किंवा ट्रान्सम बद्द वाजला, तर नवी बांधून घ्या. त्यात काही चुकीचं नाही. २४ फुटीचा विचार दोन वर्षं चालवल्यानंतर पुन्हा करा.

वेळेचं भान ठेवा. एप्रिल-मे हा वापरलेली बोट घ्यायचा चांगला काळ, कारण बोट वर ओढायचा आणि शाकारायचा खर्च समोर दिसू लागला की मालक भावात उतरतात, आणि मेच्या मध्यापर्यंत समुद्रात चाचणीही करता येते. जून लागला की ताडपत्रीखालच्या बोटीवर विसार देऊ नका, भाव कितीही खाली आला तरी. थळच्या मालकाला बोट अजून पाण्यात आहे की वर घेतलीय ते विचारून कळवा, आणि जमलं तर ट्रान्समच्या आतल्या बाजूचा, बुचाजवळचा एक स्वच्छ फोटो पाठवा. त्यावरून जाऊन बघण्यात अर्थ आहे की नाही, एवढं मी नक्की सांगू शकेन.